'क' तुकडीच्या बाई

"तुम्हाला काय येत नाही?"

शाळेत रुजू झालो त्या दिवशी बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, शिक्षण, लग्न झालंय का, हे सगळं बाकीच्यांनी विचारून झालं होतं. शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात एक ठेंगण्या, सावळ्या बाई कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी हे विचारलं. मी गोंधळलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पोहता येत नाही."

"शिकायचा प्रयत्न केला होता?"

"लहानपणी. चुलत्यानं विहिरीत ढकलून दिलं होतं. तेव्हापासून पाण्याच्या जवळ जात नाही."

आता त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग चांगलंय की," त्या म्हणाल्या. "'क' तुकडीचं विज्ञान तुम्हीच घ्या."

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांच्या मधोमध. दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. वीज गेली की एकदम शांत व्हायचं आणि मग आमचेच आवाज आम्हाला मोठे वाटायचे. 'अ' तुकडीत बऱ्यापैकी घरची मुलं, 'ब'मध्ये मधली, आणि 'क'मध्ये कुणालाच नको असलेली. शाळा सुटल्यावर गॅरेजात जाणारी, आईबरोबर विड्या वळणारी, घरी तेलुगू किंवा उर्दू बोलून शाळेत मराठीत गप्प बसणारी. 'क'चा वर्गशिक्षक होणं ही आमच्याकडे शिक्षा समजली जायची. बाईंनी ती तुकडी स्वतःहून मागून घेतली होती आणि वर्षानुवर्षं कुणाला दिली नव्हती.

वर्गात त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. मोरीत असतो तसला प्लॅस्टिकचा बुटका स्टूल घेऊन त्या या बाकापासून त्या बाकापर्यंत फिरायच्या आणि मुलाच्या शेजारी खाली बसायच्या. एकदा मी कारण विचारलं. "पोराचं डोकं आपल्यापेक्षा वर असलं की ते खरं सांगतं," असं त्यांचं उत्तर. खरं म्हणजे काय, तर आपल्याला नक्की कुठपासून येत नाही ते. नववीच्या मुलाला भागाकार येत नाही एवढं कळून त्यांचं समाधान व्हायचं नाही. हातचा घेताना अडतो की शून्य आल्यावर अडतो, की मुळात पाढाच डगमगतो, हे कळेपर्यंत त्या स्टुलावरून उठायच्या नाहीत. सापडलं की गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणायच्या, "हां. हितं हाय बघा." जणू हरवलेली किल्ली सापडली.

त्यांचं बोलणं असं मिसळलेलं होतं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे रागावल्या की तोंडातून कानडी यायचं. वर्गात गलका वाढला की त्या "साकु!" एवढंच म्हणायच्या. पुरे. कानडीचा गंध नसलेली मुलंसुद्धा तेवढ्यानं गप्प व्हायची. तेलुगू त्या विडीकाम करणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यावर बसून शिकल्या होत्या, आणि ती इतकी वाईट बोलायच्या की मुली तोंडात पदर, नाही तर ओढणी कोंबून हसायच्या. समजावून झालं की त्या विचारायच्या, "अर्थमैंदा?" कळलं का? उर्दूवाली मुलंही उत्तर द्यायची, "अर्थमैंदी, बाई!"

त्यांच्या वर्गातल्या सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं असायची. वर नाव नाही, इयत्ता नाही. नव्या माणसाला तो शिस्तीचा प्रकार वाटायचा. पण त्या कव्हरांच्या आत कुणाचं नववीचं पुस्तक असायचं, कुणाचं सहावीचं, आणि मागच्या बाकावरच्या उंच इरफानचं तिसरीचं. कोण कुठल्या इयत्तेचं वाचतंय हे शेजारच्यालाही कळायचं नाही. चाचणीलाही त्या एकच प्रश्नपत्रिका काढत नसत. हातानं लिहिलेल्या पाच-सहा तऱ्हेच्या असायच्या. शिक्षकखोलीत त्यावरून चेष्टा व्हायची. "बाईंची खानावळ हो! प्रत्येकाला ताट वेगळं." बाई ऐकून घ्यायच्या. पण एका सरांनी एकदा 'क' तुकडीला कचरा तुकडी म्हटलं, तेव्हापासून त्यांनी त्या सरांबरोबर चहा घेतला नाही. भांडण नाही, अबोला नाही. कामाचं सगळं बोलायच्या. फक्त चहा आला की आपला कप उचलून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. ते सर निवृत्त झाले त्या दिवशीही त्या व्हरांड्यातच उभ्या होत्या.

मी सुरुवातीला वैतागलो होतो. "बाई, एकेकाला वेगळं शिकवायचं तर मी सगळ्या वर्गाला पुरणार कसा?"

"आज दोघांना पुरा. उद्या दुसरे दोघं. बाकीच्यांच्या हाताला काम द्या, रिकामे ठेवू नका."

"आणि अभ्यासक्रम कधी संपवायचा?"

"संपतो की. दरवर्षी संपतोच. इरफानचा तिसरीपासून दरवर्षी संपत आलाय."

हे त्या खवचटपणे म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसला तरी त्रास होता.

पण बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं मी म्हणणार नाही. त्या हट्टी होत्या. आईबापांना तोंडावर काहीही बोलायच्या. कुणाच्या लग्नाला जायच्या नाहीत, कुणाचं सांत्वन करायलाही जायच्या नाहीत. त्यांचे यजमान तरुणपणीच गेले होते, मूलबाळ नव्हतं, आणि घरी भाकरीखेरीज काही करत असतील असं वाटत नाही. एकदा डोक्यात बसलं की तेच. त्या काळात त्यांच्या डोक्यात बसलं होतं की ज्या मुलाला जे रोज हाताळायला मिळतं त्याच्यातूनच त्याला गणित शिकवायचं. त्यामुळे इरफानला स्पेअर पार्टच्या खोक्यावरची अक्षरं, मागाच्या कांड्या भरणाऱ्या मुलांना सुताची वजनं, आणि रेणुकाला विड्या.

रेणुका तेलुगू घरातली. बारीक, शांत, वर्गात तोंड न उघडणारी. आई विड्या वळायची आणि ही शाळा सुटल्यावर पानं कापून द्यायची. बाईंनी तिच्यासाठी विड्यांची गणितं तयार केली होती. एका कट्ट्यात इतक्या विड्या, इतकी पानं वाया गेली, तर उरल्या किती. रेणुका ती भराभर सोडवायची. बाई खूश होत्या. मलाही बोलावून दाखवलं होतं.

एक दिवस मी त्यांच्या वर्गात वजनकाटा आणायला गेलो होतो. बाई रेणुकाच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या आणि रेणुकाची वही मिटलेली होती.

"का गं? आज नको?"

रेणुका बाकाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, मला विड्यांची गणितं नको."

"अगं, पण तुला येतात की ती."

"घरी पण विड्या. हितं पण विड्या." ती थांबली नाही. "'अ' तुकडीच्या पुस्तकात रेल्वेची गणितं हायत. दोन गाड्या समोरासमोर येत्यात ती. मला ती पायजे."

मला वाटलं, बाई रागावणार. पण त्यांचा चेहरा उतरला होता. माणसानं फार मेहनतीनं काही उभं करावं आणि ते कुणाच्या तरी वाटेत उभं राहिलंय हे कळावं, तसं काहीसं झालं असावं. मग म्हणाल्या, "रेल्वेत कधी बसलीस?"

"नाही."

पुढच्या रविवारी बाई तिला आणि वर्गातल्या आणखी चार-पाच मुलींना स्टेशनवर घेऊन गेल्या. मलाही धरून नेलं, कारण वेग माझ्या विषयात येतो. फलाटाची तिकिटं काढली आणि आम्ही सकाळभर बाकावर बसलो. एक गाडी न थांबता धडधडत निघून गेली तेव्हा रेणुकानं माझा हातच धरला आणि लगेच सोडला. मग एक आली आणि थांबली. ती गाडी कुठून आली, किती वाजता निघाली, पुढच्या स्टेशनला कधी पोचेल, हे बाई विचारत गेल्या आणि मुली सांगत गेल्या. बाईंनी सोबत आणलेली भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. येताना बाई माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "तिला आहे तिथनं न्यायचं होतं, सर. मी तिला तिथंच बसवून ठेवली."

त्यानंतर त्या प्रत्येक मुलाला आधी विचारू लागल्या, तुला कशाची गणितं हवीत? उत्तरं विचित्र असायची. एकाला क्रिकेटची हवी असायची, एकाला विमानाची. इरफान म्हणाला, "गॅरेजचीच द्या. मला ते आवडतं." बाईंनी त्याला दोनदा विचारून घेतलं.

ती मुलं नववीच्या शेवटाला आली तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं. बाई, मी आणि आणखी एक नवा शिक्षक. 'क'मधल्या काही मुलांची नावं त्यांनी काढली होती. या मुलांना दहावीला शाळेतून बसवायचं नाही. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायची. मग त्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. आजूबाजूला कितीतरी ठिकाणी हेच चालायचं.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. "बाई, निकाल घसरला की 'अ' तुकडीचे पालक पहिल्यांदा मुलं काढतात," ते म्हणाले. "पट घसरला की तुकडी जाते. तुकडी गेली की हे दोघं अतिरिक्त." त्यांनी आमच्याकडे बोट केलं. "मग यांना मी काय सांगू?"

बाई म्हणाल्या, "त्यांना काय सांगायचं ते नंतर बघू. आधी पोरांना सांगा. बोलावून आणते."

आणि खरोखरच त्या गेल्या आणि ती सगळी मुलं घेऊन आल्या. मुलं टेबलासमोर ओळीत उभी राहिली. ऑफिसात कशाला बोलावलं म्हणून घाबरलेली. रेणुका पुढे होती. इरफान सगळ्यांच्या मागे, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग, तो दुसऱ्या हातानं झाकत उभा.

"सरांना तुम्हाला काहीतरी सांगायचं हाय," बाई म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. प्रत्येक चेहऱ्याकडे बघितलं. मी जन्मात कुठल्या खोलीत इतका अवघडलो नसेन. शेवटी ते म्हणाले, "अभ्यास चालू आहे ना सगळ्यांचा?"

"हो सर," मुलं म्हणाली.

"बरं. जा."

मुलं गेल्यावर ते बाईंकडे न बघता बोलले. "जबाबदारी तुमची. तसं लिहून द्याल?"

"देते की."

बाईंनी तिथंच, उभ्यानं, लिहून दिलं.

ते वर्ष त्यांनी कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. सकाळी शाळा भरायच्या आधी मुलं येऊन बसलेली असायची. प्रत्येकाची चाल वेगळी. रेणुका बीजगणितात पुढे निघून गेली होती, तिचं इंग्रजी मागे होतं. एका मुलाला सगळं तोंडी यायचं पण लिहायचा हात चालत नव्हता, त्याला रोज नुसतं लिहायला बसवलेलं. इरफाननं तिसरीचं पुस्तक संपवलं, मग पाचवीचं, आणि दिवाळीनंतर दहावीच्या मराठीच्या पुस्तकातला धडा अडखळत, बोट ठेवून, पण शेवटपर्यंत वाचला. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, गाडीचं नादुरुस्त इंजिन ऐकावं तसं ते ऐकायचा आणि मग उच्चारायचा. बाईंनी शाबासकी दिली नाही. "उद्या पुढचा," एवढंच म्हणाल्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला शाळा ओस पडली तेव्हाही ही मुलं आळीपाळीनं येत होती. मी एकेकाला विजेची मंडलं जोडायला लावत होतो. तोवर मीही दोघा-दोघांना पुरायला शिकलो होतो.

पुढचं सांगून टाकतो. त्या वर्षी शाळेचा निकाल घसरला. 'क'मधली बरीच मुलं पास झाली, पण बरीच म्हणजे सगळी नव्हे. आमच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. पण पुढच्या जूनमध्ये संस्थेनं बाईंची बदली सीमेजवळच्या शाखेत केली. निरोप समारंभ ठरला होता, त्याच्या आदल्या दिवशीच त्या एसटीनं निघून गेल्या. प्लॅस्टिकचा स्टूल मात्र घेऊन गेल्या. तिकडे निवृत्त झाल्या आणि गावीच राहिल्या. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उंबऱ्यावर तीन शेळ्या आणि दोन मुली होत्या, आणि बाई त्या मुलींना कानडीतून इंग्रजी शिकवत होत्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. शाळेच्या ग्रुपवर जुना फोटो आला. सगळे शिक्षक समोर बघतायत आणि बाई मान वळवून चौकटीच्या बाहेर कुणाकडे तरी बघतायत. खाली एकामागून एक हात जोडलेली चित्रं येत राहिली. रेणुका हल्ली एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. तिनं ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला फोन केला.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो निकालाचा दिवस.

दुपारी एकला निकाल मोबाइलवर आला. शाळेत पालक पेढे घेऊन येऊ लागले. रेणुकाची आई नवं लुगडं नेसून आली होती आणि बाईंना शोधत होती. बाई नव्हत्या. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "संस्थेची माणसं आलीत. आकडा विचारतायत. बाईंना आणा."

त्या कुठे असतील याचा मला अंदाज होता. मी मोटारसायकल काढली आणि उन्हातून इरफानच्या गल्लीत गेलो. एका खोलीचं घर, पत्र्याचं. दारातच बाईंच्या चपला होत्या.

आत इरफान भिंतीला पाठ लावून बसला होता. गुडघ्यात मान. तो गणितात, इंग्रजीत आणि माझ्या विज्ञानात नापास झाला होता. त्याचे वडील माग चालवायचे. त्या दिवशी पाळी सोडून आले होते. ते खुर्चीवर बसले होते, समोर टेबलफॅन होता. बाई जमिनीवर. मी दारात उभा राहिलो तरी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाई, राग मानू नका," वडील म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागत होता. "सर लोक बोलले होते, बाहेरून बसवा. तुमी ऐकलं नाही. आता गल्लीत सगळ्यांना म्हाईत झालं, आमचा नापास. तुमी बसवलाच नसता तर नापास तरी झाला नसता ना?"

बाईंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता. त्या खाली बघत म्हणाल्या, "व्हय. खरं हाय तुमचं."

माझ्या खिशात फोन वाजू लागला. मी तो बंद केला.

मग इरफाननं मान वर केली. डोळे लाल होते.

"अब्बा, नापास मैं हुआ. बाई नै हुए."

"तू चूप बैठ."

"सुनो ना अब्बा. मेरा नंबर था हॉल पे. सबके साथ था. मैं पूरे टाइम बैठा, बीच में नै उठा. जितना आया उतना लिखा." तो थांबला. पुढचं बाईंकडे बघून मराठीत म्हणाला, "बाई, मराठीत सुटलो ना मी?"

"सुटलास," बाई म्हणाल्या. "मी तेच आधी बघितलं."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज, आणि बाहेर कुठेतरी माग.

इरफान पुढे जुलैच्या परीक्षेत दोन विषयांत सुटला. गणित राहिलं, ते मार्चला सुटलं. आज त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि बिलं तो स्वतः लिहितो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं.

बाई पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "गणिताचा पेपर ठेवलाय का फेकलास?"

तो उठला, कोनाड्यातून चार घड्या घातलेला पेपर काढून आणला. बाईंनी तो जमिनीवर पसरला.

"यातलं कुठलं यायला पाहिजे होतं असं वाटतं तुला?"

इरफाननं बराच वेळ वाचलं. मग एका प्रश्नावर बोट ठेवलं. "हे. हे येत होतं. मधेच कुठंतरी गेलं."

"वाच मोठ्यानं."

तो वाचू लागला. पंख्याच्या वाऱ्यानं पेपर सारखा उडत होता. त्यानं एका हातानं दाबला तर दुसरं टोक उडू लागलं, ते बाईंनी दाबलं. पुन्हा ओळ सुटली, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

वडील खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता ते बाहेर जाणार. त्यांनी हात लांब करून पंखा बंद केला. मग त्या तापलेल्या पत्र्याखाली ते परत बसले, घाम पुसत, आणि ऐकू लागले.